यादी हातात ठेवून मोकळं होऊ नका

मुलगी सात महिन्यांची असताना माझ्या लक्षात आलं, की खुळखुळा तिच्या उजव्या बाजूला धरला तरी ती डावा हात अंगावरून ओलांडून तिकडे नेते. उजवी मूठ मिटलेलीच. अंगठा आत आणि बोटं त्याच्यावर घट्ट. संध्याकाळी ती मूठ हळूच उघडून पुसायची, तर आत दिवसभराचे कापडाचे धागे आणि लव अडकलेली असायची. डाव्या तळव्यात असं कधीच काही सापडलं नाही, कारण तो हात दिवसभर कामात असायचा.

घरातले म्हणाले, डावरी आहे, काकावर गेली. मीही काही दिवस तेच धरून बसले, कारण ते ऐकायला बरं वाटत होतं. खरं म्हणजे बाळ साधारण वर्षाचं होईपर्यंत दोन्ही हात जवळजवळ सारखेच वापरतं. त्याआधीच एक हात सारखा पुढे येत असेल, तर दुसऱ्या हाताकडे नीट बघायला हवं, हे मला फार उशिरा कळलं. डॉक्टरांना विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, ‘सगळी मुलं सारखी नसतात, थोडं थांबून बघू.’ पुढच्या वेळी पुन्हा विचारलं, तेव्हा त्यांनी खणातून एक छापील कागद काढून दिला. पाच नावं, पाच फोन नंबर. ‘यांच्यापैकी कुणाशीही बोला.’

पहिला नंबर बंद होता. दुसरीकडे विचारलं, ‘निदानाचा कागद आहे का? तो आल्याशिवाय नाव घेता येत नाही.’ तिसरीकडे तीन वर्षांपुढचीच मुलं घेत होते. चौथीकडे नाव लिहून घेतलं आणि ‘तुमचा नंबर लागला की कळवू’ म्हणाले. पाचव्या ठिकाणी भेट मिळाली. तिथल्या बाई मोठ्या माणसांच्या गुडघ्याखांद्यांवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट होत्या. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, ‘इतक्या लहान बाळावर मी कधी काम केलेलं नाही.’ त्यांचा मला आजही राग नाही. पण या सगळ्यात चार महिने गेले. तेव्हा मुलगी अकरा महिन्यांची होती. अकरातले चार.

बाळाच्या वाढीबद्दल शंका आली की योग्य थेरपी शोधून काढणं हे पालकांचं काम आहे, असं आपण सगळ्यांनी गृहीत धरलेलं आहे. मला हे गृहीतकच मान्य नाही. पालकांचं काम शंका बोलून दाखवण्याचं. ती एकदा बोलून दाखवली, की पुढची धावपळ ज्याच्या कानावर ती पडली त्या यंत्रणेची असली पाहिजे. नंबरांची यादी देणं म्हणजे मदत देणं नाही, ती जबाबदारी परत पालकांच्या ओटीत टाकणं आहे.

एक साधा प्रश्न घ्या. मूठ उघडत नसेल तर जायचं कुणाकडे? फिजिओथेरपिस्टकडे, ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, मेंदूविकारतज्ज्ञाकडे की बालविकासतज्ज्ञाकडे? बाळाला गिळताना ठसका लागत असेल, तर ते काम बऱ्याचदा स्पीच थेरपिस्टचं असतं, हे किती जणांना माहीत असतं? ‘स्पीच’ म्हणजे बोलणं, आणि हे तर अजून दूधच पितंय, असंच कुणालाही वाटणार. ज्याला आजाराचं नावही माहीत नाही त्याला आपण उपचाराचा प्रकार निवडायला सांगतो. पायाचं हाड मोडलेल्या माणसाला आपण कधी पाच नंबरांची यादी देतो का?

यावर पहिला आक्षेप येतो तो ‘थांबून बघू’ म्हणणाऱ्यांचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मुलांच्या वाढीचा वेग खरोखरच वेगवेगळा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने निरनिराळ्या देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास करून 2006 मध्ये जे टप्पे प्रसिद्ध केले, त्यात आधाराशिवाय चालायला लागण्याची मर्यादा साधारण सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेली आहे. नऊ महिन्यांहून मोठा हा पट्टा. शंभरातली चारेक मुलं तर कधी गुडघ्यांवर रांगलीच नाहीत आणि थेट उभी राहिली. तेव्हा शेजारचं मूल चालतं आणि आपलं चालत नाही एवढ्यावरून हवालदिल होऊ नये, हे सांगणारा डॉक्टर बरोबरच सांगत असतो. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं वय मोजताना ते जितके आठवडे लवकर आलं तितके वजा करायचे असतात, हेही कुणीतरी समजावून सांगायला हवं असतं.

पण हा मोठा पट्टा सगळ्याच गोष्टींना लागू होत नाही. दोन हातांत फरक दिसणं, आवाजाकडे मान न वळणं, अंग फार सैल किंवा फार ताठ वाटणं, येत असलेली गोष्ट अचानक जाणं, आधी येत असलेले दोन शब्द बंद होणं, यांत ‘प्रत्येकाचा वेग वेगळा’ हे उत्तर बसत नाही. विशेषतः आलेलं कौशल्य जाणं ही कुठल्याही वयात ताबडतोब तपासायची गोष्ट आहे. आणि ज्या गोष्टींत पट्टा मोठा आहे तिथेही, थांबायचं तर थांबावं, पण तारीख ठरवून थांबावं. ‘सहा आठवड्यांनी मी स्वतः पुन्हा बघेन, तोवर हे हे करा’ हा वैद्यकीय निर्णय झाला. नुसतं ‘बघू’ म्हणण्यात निर्णय काहीच नसतो. अमेरिकेच्या रोग नियंत्रण संस्थेने 2022 मध्ये आपल्या टप्प्यांच्या तक्त्यात बदल केला, तो याच कारणाने. आधीच्या तक्त्यात बरेच टप्पे निम्मी मुलं गाठतात त्या वयाला लिहिलेले होते, त्यामुळे न गाठणाऱ्या उरलेल्या निम्म्यांना ‘थांबा’ म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. नव्या तक्त्यात 75 टक्के किंवा अधिक मुलं जे करतात ते त्या वयाला लिहिलं, म्हणजे राहून गेलेल्या मुलाबद्दल काहीतरी करावंच लागेल.

पालकांच्या शंकेला किती वजन द्यायचं, हाही प्रश्न आहे. आई उगीच काळजी करते, हे वाक्य इतक्यांदा बोललं जातं की ते शास्त्रच वाटायला लागतं. वस्तुस्थिती उलटी आहे. फ्रान्सिस ग्लास्को यांनी 1990 च्या दशकात पालकांच्या चिंतांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि त्यातून दहा प्रश्नांची एक साधी प्रश्नावली तयार झाली. ती आजही वापरली जाते, कारण नीट विचारलं तर पालक जे सांगतात ते बऱ्याच अंशी खरं निघतं. डॉक्टरांच्या दहा मिनिटांच्या तपासणीत बाळ रडत असतं, झोपेला आलेलं असतं किंवा परक्या चेहऱ्याला घाबरलेलं असतं. मुठीतले धागे तिथे कुणाला दिसणार?

आता थांबण्याची किंमत काय, ते हाताच्याच उदाहरणावरून सांगते, कारण ते मी जवळून बघितलं आहे. जन्माच्या सुमारास मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून मज्जातंतू प्रत्येक हाताकडे निघालेले असतात. पुढच्या महिन्यांत त्यांच्यात स्पर्धा चालते. ज्यांचा वापर होतो ते पक्के होतात आणि ज्यांचा होत नाही ते मागे हटतात. म्हणजे हात वापरला जात नाही म्हणून त्याच्या वाटा कमी होतात, आणि वाटा कमी झाल्या म्हणून तो आणखी कमी वापरला जातो. हे चक्र बाळाच्या पहिल्या दीडदोन वर्षांत सर्वाधिक वेगाने फिरत असतं. त्याच काळात आपण नाव लिहून घेतो आणि नंबर लागायची वाट बघतो.

यंत्रणेने मनावर घेतलं तर काय होतं, याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. नवजात बाळाचे कान तपासण्याचं बघा. 1998 मध्ये क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की ज्या मुलांचा श्रवणदोष सहा महिन्यांच्या आत सापडला आणि लगेच मदत सुरू झाली, त्यांची भाषा उशिरा सापडलेल्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. त्यानंतर तज्ज्ञांच्या समितीने 2000 मध्ये एक नियम मांडला. एक महिन्याच्या आत तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार. ज्या कार्यक्रमांना हे जमलं त्यांच्यासाठी पुढे तो एक, दोन, तीन महिन्यांवर आणण्याची शिफारस झाली. या नियमाचं मोठेपण मला त्याच्या भाषेत दिसतं. आईवडिलांनी काय करावं हे तो सांगत नाही. बाळ जन्मल्यापासून दवाखान्याच्या डोक्यावर तो घड्याळ टांगून ठेवतो. मुदत चुकली तर कुठे चुकली ते मोजता येतं. तपासणी होते पण पुढच्या पायरीपर्यंत बाळ पोचतच नाही, ही गळती या कार्यक्रमांतही आहे, पण ती मोजली तरी जाते, तिला नाव आहे. हाताच्या मुठीला, न बोललेल्या शब्दाला, न धरलेल्या मानेला असं घड्याळ कुणी लावलेलं नाही. तिथे मुदत फक्त बाळाला असते.

दुसरी अडचण त्या फोनवरच्या वाक्यात आहे: ‘निदानाचा कागद आणा.’ सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे लहानपणी मेंदूला इजा होऊन हालचालींवर परिणाम होतो त्या अवस्थेचं, निदान पूर्वी साधारण बारा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान व्हायचं. 2017 मध्ये आयोना नोवाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातला पुरावा एकत्र करून सांगितलं, की धोक्याची कारणं असलेल्या बाळांत ते सहा महिन्यांच्या आतही करता येतं. एमआरआय, मज्जासंस्थेची ठरावीक पद्धतीची तपासणी आणि हाइन्झ प्रेख्टल यांनी घडवलेली हालचालींच्या निरीक्षणाची पद्धत, या तिन्हींच्या मदतीने. ही शेवटची पद्धत मला फार सुंदर वाटते. तीन ते पाच महिन्यांचं जागं, शांत बाळ उताणं ठेवायचं, त्याला हात लावायचा नाही, खेळणं दाखवायचं नाही, फक्त काही मिनिटं व्हिडिओ घ्यायचा. निरोगी बाळाच्या मनगटांत, मानेत, घोट्यांत बारीक बारीक लहरी चाललेल्या असतात. त्या नसल्या की प्रशिक्षित डोळ्याला कळतं. त्या शिफारशींतला माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा भाग मात्र वेगळाच आहे. निदान पक्कं करता येत नसेल तर ‘मोठा धोका आहे’ एवढं लिहा आणि त्या आधारावर थेरपी सुरू करा, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. लेबल नंतर येऊ द्या. बाळाला बसता येत नाही हे डोळ्यांना दिसतंय, मग बसण्याची मदत कुठल्या नावाची वाट बघते आहे?

अमेरिकेत 1986 मध्ये झालेल्या कायद्याने जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी अशी व्यवस्था आखली. तिथे पालक स्वतः नाव नोंदवू शकतात. निदान नसलं तरी विकासात ठरावीक विलंब दिसणं पुरेसं असतं. नाव नोंदल्यापासून 45 दिवसांच्या आत मूल्यमापन होऊन कुटुंबाबरोबर योजनेची बैठक व्हावी लागते, आणि प्रत्येक कुटुंबाला एक समन्वयक मिळतो. तिथेही थेरपिस्ट कमी पडतात, मुदती चुकतात, तिसरा वाढदिवस आला की मुलं एका खात्यातून दुसऱ्यात जाताना मधेच अडकतात. तरी त्या कायद्यात शोधण्याचं काम कुणाचं हे लिहिलेलं आहे. फोन करणारी व्यक्ती समन्वयक आहे, आई नाही. मला हवी आहे ती एवढी एकच गोष्ट.

‘पण एवढे तज्ज्ञ आणायचे कुठून?’ हा सगळ्यात व्यवहारी आक्षेप. तज्ज्ञ कमी आहेत हे खरंच आहे, आणि लवकर वाढणारही नाहीत. पण प्रत्येक बाळाची पहिली पायरी तज्ज्ञच असावी लागते का? जमैकात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी 1980 च्या दशकात एक प्रयोग केला. वाढ खुंटलेली 129 मुलं, वय नऊ ते चोवीस महिने. त्यातल्या काही घरांत दोन वर्षं दर आठवड्याला तासभर एक आरोग्य सेविका जायची. तिला थेरपीची पदवी नव्हती. ती घरगुती खेळणी घेऊन जायची, आईबरोबर बसायची, बाळाशी कसं बोलायचं आणि खेळायचं ते करून दाखवायची. वीस वर्षांनी बघितलं, तर त्या मुलांची कमाई भेटी न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा 25 टक्क्यांनी जास्त होती. ती मुलं कुपोषणाने मागे पडलेली होती, सेरेब्रल पाल्सीची किंवा ऑटिझमची नव्हती, त्यामुळे हा आकडा सगळ्यांना जसाच्या तसा लावता येणार नाही. पण दोन गोष्टी त्यातून घेता येतात. प्रशिक्षण आणि देखरेख असेल तर पहिली मदत साध्या सेविकेच्या हातूनही पोचते. आणि ती मदत घराकडे चालत गेली, घराने तिला शोधलं नाही.

इथे एक सावधगिरीचा शब्द. पालकांना शिकवणं ही आजच्या थेरपीतली चांगली दिशा आहे. आठवड्यातल्या एका तासात थेरपिस्ट जे करते त्यापेक्षा कपडे बदलताना, दूध पाजताना, कडेवर घेताना जे होतं ते कितीतरी पटीने जास्त असतं. बाळ स्वतः हालचाल करतं, धडपडतं, चुकतं, तेव्हा ते शिकतं. कुणीतरी त्याचे हातपाय धरून हलवत राहण्याने फारसं साधत नाही. हे सगळं मान्य. पण ‘आईच उत्तम थेरपिस्ट’ हे वाक्य मला खटकतं, कारण त्याचा अर्थ हळूच ‘म्हणून दुसरा कुणी नको’ असा होतो. शिकवायला कुणीतरी नियमित यावं लागतं, बघावं लागतं, चुकलं तर सांगावं लागतं. नाहीतर रात्री दोन वाजता फोनच्या उजेडात व्यायामाचे व्हिडिओ बघत बसणारी आई उरते, आणि मूल पुढे गेलं नाही की दोषही तिच्याच पदरात पडतो.

त्याच रात्री दोन वाजता बाजारही जागा असतो. ज्या पालकांना कुणी वाट दाखवत नाही त्यांना बाजार दाखवतो. वर्षभराचं पॅकेज, शंभर टक्के सुधारणेची हमी, ऑक्सिजनची बंद खोली. त्या ऑक्सिजनवर 2001 मध्ये कॅनडात सेरेब्रल पाल्सी असलेल्या 111 मुलांवर नीट चाचणी झाली होती. अर्ध्यांना दाबाखालचा ऑक्सिजन, अर्ध्यांना किंचित दाबलेली साधी हवा. दोन्ही गट सारखेच सुधारले. तरीही तो विकला जातो, कारण विकणारा माणूस फोन उचलतो, गोड बोलतो आणि उद्याची वेळ देतो. मला हे सांगताना त्रास होतो, पण त्या चार महिन्यांत माझ्याशी सगळ्यात आपुलकीने बोलणारा आवाज अशाच एका ठिकाणचा होता. मी जाता जाता राहिले. जे जातात त्यांना भोळे म्हणायचा अधिकार आपल्याला नाही.

म्हणून, यंत्रणा बदलेपर्यंत जे आज फोनपाशी बसले आहेत त्यांच्यासाठी मला जे उशिरा समजलं ते लिहून ठेवते. शंका आली त्या दिवशीची तारीख लिहा. दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या, बाळ खुशीत असताना, पूर्ण अंग दिसेल असा. तपासणीच्या खोलीत बाळ जे दाखवणार नाही ते त्यात असतं. बोलण्याची शंका असेल तर आधी कानांची तपासणी मागा, ‘त्याला ऐकू येतं, दार वाजलं की बघतो’ यावर समाधान मानू नका. ‘थांबू’ म्हटलं तर कधीपर्यंत आणि काय दिसलं तर आधी यायचं, ते कागदावर लिहून मागा. यादी दिली तर विचारा, ‘यांतल्या एकाला तुम्ही आत्ता फोन कराल का?’ हे विचारताना अवघडायला होतं, तरी विचारा. निदानाची वाट बघत असाल तरी थेरपीच्या यादीत नाव घाला, दोन्ही रांगा एकाच वेळी चालू शकतात. आणि थेरपिस्ट मिळाली की पहिल्याच दिवशी विचारा, की पुढच्या तीन महिन्यांत काय साधायचं आहे आणि ते साधलं की नाही हे कसं ओळखायचं. चांगली थेरपिस्ट या प्रश्नाने खूश होते.

आम्हाला शेवटी वाट सापडली ती लसीकरणाच्या रांगेत. अकराव्या महिन्यात तिथल्या सिस्टरने टोचण्यासाठी मांडी धरली, आणि मुलगी रडत एकाच हाताने तिला ढकलायला लागली. सिस्टरने सुई बाजूला ठेवली. ‘हिचा हा हात नेहमी असाच का?’ मी खाली मान घालून पाच नंबरांची गोष्ट सांगितली. त्यांनी ती यादी मागितली नाही. टोचून झाल्यावर त्यांनी स्वतःच्या फोनवरून कुणाला तरी फोन लावला, माझ्यासमोर. नाव, वय, काय दिसतंय ते सांगितलं आणि मला म्हणाल्या, ‘बुधवारी अकरा वाजता. पोचलात की मला कळवा, नाही कळवलं तर मी करेन.’ बुधवारी ऑक्युपेशनल थेरपिस्टने मुलीच्या चांगल्या हातावर एक मऊ मोजा चढवला, समोर चिकट कागदावर रंगीत मणी ठेवले आणि ती गप्प बसून राहिली. मुलगी आधी चिडली. मग उजवी मूठ कागदावर आपटली. एक मणी चिकटून वर आला आणि ती त्याच्याकडे बघतच राहिली. आज तिचा उजवा हात डाव्यासारखा नाही, होणारही नाही. पण तो मदतीला येतो. बाटली धरतो, डावा हात झाकण फिरवतो.

लसीच्या कार्डावर प्रत्येक लसीपुढे दोन रकाने असतात: कधी द्यायची आणि कधी दिली. तसेच दोन रकाने शंकेसाठी का नसावेत? पालकांनी कधी सांगितलं, आणि बाळ मदतीपर्यंत कधी पोचलं. दोन्ही तारखा भरायची जबाबदारी ज्याने ऐकलं त्याची. दुसरा रकाना रिकामा राहिला तर पुढच्या लसीला तो कुणाच्या तरी डोळ्यांत खुपेल. आमच्या कार्डाच्या कोपऱ्यात मी पेनाने लिहिलं होतं, ‘उजवी मूठ, 7 महिने.’ त्याच्याखाली सिस्टरच्या अक्षरात आहे, ‘पाठवलं, 11 महिने’, आणि त्यापुढे त्यांची सही.